दिवे घाटात म्हटलेला अखंड

देव मी मानत नाही. दिंडीतल्या मावशींना हे हडपसरच्या अलीकडेच सांगून टाकलं, लपवून चालणं मला जमलं नसतं. मावशी परभणीकडच्या, डोक्यावर तुळस. म्हणाल्या, "नका मानू, माउली. पाय दुखले तर सांगा." आणि वाकून माझ्या पाया पडल्या. मग मी त्यांच्या. आमच्या घरात कुणीच कुणाच्या पाया पडत नाही. इथे सगळेच सगळ्यांच्या पडतात.

पहाटे भवानी पेठेतून निघालो होतो. तिथून जवळच, गंज पेठेत, फुले वाडा. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीरावांनी पद्यं लिहिली ती अभंगाच्या वळणाची. त्यांना नाव दिलं 'अखंड', आणि 'तुका म्हणे'सारखं त्यांत 'जोती म्हणे' येतं. जोतीराव निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा, मानत, नास्तिक नव्हते; तरी आमच्यासारख्यांच्या सभांत हे अखंड हमखास होतात. २०१३ साली अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर कार्यकर्त्यांनी गावोगाव नाटकं केली. त्यांचं नाव रिंगणनाट्य. शब्द थेट वारीतला, आणि मला त्याचा अभिमान आहे.

दिवे घाट चढताना मावशी बोलायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी मालक गेले. राख नदीत सोडली नाही. बांधावर खड्डा घेऊन त्यात घातली, वर आंब्याचं रोप लावलं. भावकी चिडली. "गावात चळवळीची पोरं यायची, त्यांचं पटलं. नदी कशाला नासवायची? पण हरिपाठ नाही सोडला. रोज रोपापाशी बसून म्हणते."

मला बाबा आठवले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहदान केलं, विधी कुठलाच केला नाही. ते योग्यच होतं, आजही मला तसंच वाटतं. पण घरी परतलो आणि आम्ही चौघं नुसते बसून राहिलो. हाताला काम नाही, ओठांवर शब्द नाही. रात्रीपर्यंत पंख्याचा आवाज तेवढा होता. अखंड सभेत म्हणायचे असतात, असंच आम्ही धरून चाललो होतो. विधी नको म्हणता म्हणता गाणंही टाकलं, याचं मला फार वाईट वाटतं.

"मग तुमच्यात काय म्हणतात?" मावशींनी विचारलं.

जोतीरावांनी सत्याला सगळ्या धर्मांचं माहेर म्हटलंय, तो अखंड मी सुरू केला. 'माहेर' ऐकताच मावशी थबकल्या. पंढरीला त्या माहेरच म्हणतात. मागच्या बाईंनी टाळ धरला. माझा आवाज दोनदा अडकला. दोन्ही वेळा ओळ मावशींनी उचलली.