कडेने वाचायचं नाणं

ब्रिटिश हिंदुस्थानचा चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम. लक्ष्मीपूजनाच्या ताटात तो असतो आणि चांदीचं नाणं म्हटलं की आपल्या हाताला तेवढंच वजन ठाऊक असतं. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिचा थालर, म्हणजे युरोपातलं मोठं चांदीचं नाणं, भरतो 28.07 ग्रॅम, म्हणजे जवळजवळ अडीच तोळे, आणि व्यास साधारण 40 मिलिमीटर. युरोपातली जुनी, मोठी चांदीची नाणी जमवायचं वेड बहुतेकांना या वजनानेच लागतं. त्यात गैर काही नाही. फक्त गेल्या पाचशे वर्षांत या नाण्यांचे जे हाल झाले, तेही या वजनापायीच.

सुरुवात ऑस्ट्रियाच्या डोंगराळ टायरोल प्रांतातली. तिथे सोनं बेताचं, पण श्वात्सच्या खाणींतून चांदी मात्र रगड निघत होती. मग गुल्डेन या सोन्याच्या नाण्याइतक्या किमतीचं चांदीचंच नाणं पाडावं असं ठरलं आणि 1486 मध्ये हॉलच्या टांकसाळीतून सुमारे 32 ग्रॅमचा गुल्डिनर बाहेर पडला. 1520 च्या आसपास बोहेमियातल्या योआकिमश्टालमध्ये श्लिक घराण्याने तसंच नाणं ढिगाने पाडलं, गावाच्या नावावरून त्याला थालर म्हणू लागले आणि थालर युरोपभर पोचला. 1566 मध्ये पवित्र रोमन साम्राज्याने माप बांधून दिलं: कलोन मार्क या वजनात, म्हणजे 233.856 ग्रॅममध्ये, आठ थालर. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगचा ड्यूक युलियस तर आणखी पुढे गेला. 1574 पासून त्याने अनेक थालर वजनाची अवाढव्य नाणी पाडली आणि प्रजेला ऐपतीप्रमाणे ती विकत घ्यायला लावली. सक्तीची बचत योजना म्हणा ना.

एवढी चांदी एका तुकड्यात आली की ती खरवडणारेही आलेच. हातोड्याने पाडलेल्या नाण्याची कड मुळातच वेडीवाकडी, त्यातून चिमूटभर कातरली तरी कुणाला पत्ता लागत नसे. त्यावर उपाय म्हणून कडेवर अक्षरं आली. 1662 पासूनच्या क्राउन या मोठ्या इंग्लिश नाण्याच्या कडेवर ‘डेकुस एत तुतामेन’ असं लिहिलेलं असतं: शोभा आणि संरक्षण. कडेवरची अक्षरं नेमकी कशासाठी आहेत हे कडेवरच लिहून ठेवण्याचा इंग्रजी सरळपणा मला फार आवडतो. मारिया थेरेसाच्या कडेवर ‘युस्तितिया एत क्लेमेंतिया’ आहे, न्याय आणि दया. म्हणून मोठं नाणं हातात आलं की राणीचा चेहरा पाहायच्या आधी ते आडवं धरून कड सबंध फिरवून पाहावी. निम्मी हकीकत तिथेच कळते.

पहिली शोधायची ती कडी लावल्याची खूण. येमेन, ओमान, इथिओपियात थालर गळ्यात मिरवले गेले आणि बव्हेरियात साखळीला लटकले. आपल्या पुतळ्यांच्या माळेसारखाच प्रकार. पुढे बाजारात आणताना कडी काढतात, झाळ कानशीने घासतात आणि वर पॉलिश मारतात. खूण बहुधा चेहऱ्याच्या बरोबर वर, घड्याळात बाराचा आकडा असतो त्या जागी असते. दहापट भिंगाखाली तिथली चार-सहा मिलिमीटर कड पाहा. अक्षरं मध्येच बुजलेली, काठ किंचित चपटा, कानशीच्या समांतर रेघा आणि रंगात करडी किंवा पिवळट छटा. झाळ वितळून अक्षरांच्या खाचेत शिरलेली असते, ती कितीही घासली तरी निघत नाही. जर्मन लिलावांच्या यादीत याला ‘हेंकेलश्पूर’ म्हणतात. हा शब्द दिसला की बोली त्या हिशेबाने खाली आणावी. दागिना म्हणून लटकलेलं नाणं मला स्वतःला हलकं वाटत नाही. झाळ लपवून पूर्ण भाव मागणारा विक्रेता वाटतो.

पण प्रत्येक ओरखडा गुन्हा नसतो. टांकसाळीत कोरी चकती जड भरली तर तिच्यावर कानस मारून वजन उतरवत आणि मग ठसा मारत. त्या रेघा बऱ्याचदा नाण्याच्या उंच भागावर, केसांवर किंवा ढालीवर, टिकून राहतात, कारण तिथे ठशाचा दाब कमी पडलेला असतो. नक्षी रेघांच्या वर बसलेली दिसते. नंतर पडलेला ओरखडा नक्षी कापत जातो आणि त्याच्या काठाला बारीक उचललेली धार असते. 1570 च्या दशकापासून हॉलमध्ये रुळांमधून पट्टी दाबून नाणी पाडत, त्यामुळे ती जरा बाकदार असतात. नाणं वाकलंय असं समजून लाकडी हातोड्याने ‘सरळ’ केलं, तर साडेचारशे वर्षांच्या वस्तूचं एका ठोक्यात मातेरं होतं.

नक्कल पकडायला वजनकाटा आणि पाण्याचा ग्लास पुरतो. काटा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. आधी कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा आणि नाणं बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असं धरा. मारिया थेरेसाचा थालर अस्सल असेल तर काटा 2.75 च्या जवळ थांबतो. 28.07 भागिले 2.75 म्हणजे 10.2, आणि 833 कसाच्या चांदीची घनता तेवढीच. पितळेवर मुलामा असेल तर आकडा 3.3 कडे जातो. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा फुगतो आणि खरं नाणंही खोटं ठरतं. पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की ते सुटतात. तळाला टेकलं तर काटा भलताच आकडा दाखवतो. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरणारच, जास्त भरलं तर मात्र सावध व्हा. शिसं मिसळून घनता जुळवणारे महाभागही असतात, पण त्यांचीही कड बोलते: ओतीव नक्कल असेल तर कडेला साच्याच्या जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे.

साफसफाईबद्दल एकच सांगणं: करू नका. चिंच, राख, दात घासायची पूड, सगळं देवाच्या भांड्यांसाठी ठेवा. काळपट-निळसर थर म्हणजे चांदीचा सल्फाइड. तो घासला की खालची मूळ झळाळीही जाते आणि ती परत येत नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला हिरवा चिकटा तेवढा काढायलाच हवा. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन, त्यात नाणं पाच-दहा मिनिटं, मग दुसऱ्या वाटीत स्वच्छ अ‍ॅसिटोनची एक बुचकळी आणि न पुसता हवेवर वाळवणं. खिडकी उघडी हवी, गॅस बंद हवा. पुढे ठेवायला 41 मिलिमीटरची कडक कॅप्सूल आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात किंवा मुंबईत जूनपासून त्या महिन्याला बदला. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद जवळपासही नको, दोन्हींतलं गंधक चांदीला काळं करतं.

मारिया थेरेसा 1780 मध्ये वारली, पण थालरवरचं साल तेच राहिलं, कारण अरबस्तानात आणि इथिओपियात दुसरं साल कुणी घेईना. तिथले व्यापारी तिच्या पदकातले मोती मोजून नाणं पारखत. 1935 मध्ये ऑस्ट्रियाने ठसे इटलीला दिले, तेव्हा इतरांनी आपापल्या टांकसाळीत ती पाडायला घेतली आणि युद्धात 1940-41 मध्ये मुंबईच्या टांकसाळीनेही पाडली. त्या सगळ्यांवर साल 1780, सालापुढे तिरपी फुली आणि राणीखाली गुंट्सबुर्गच्या टांकसाळीतल्या अधिकाऱ्यांची ‘एस. एफ.’ ही आद्याक्षरं. म्हणून ‘1780 चं अस्सल’ असं कुणी म्हणालं की मान डोलवावी आणि भाव मात्र चांदीच्या वजनाचा विचारावा.

याच सालाची एक कायदेशीर गंमत आहे. आपल्याकडच्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. मुंबईत पाडलेला थालर अजून शंभरीचा नाही, पण विमानतळावरच्या अधिकाऱ्याला दिसतं ते 1780. लेकीकडे अमेरिकेला जाताना तो बरोबर न्यायचा असेल, तर पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला आधीच घ्यावा आणि अर्जासोबत कडेचाही फोटो जोडावा.