ठोकलेली मस्टँग घेताय? आधी डॅशबोर्ड बघा, मग बंपर

ठोकलेली गाडी बघायला गेलेला माणूस हमखास समोर उभा राहतो आणि फुटलेला बंपर, चेपलेलं बॉनेट, लोंबणारा हेडलाइट यांची मनात बेरीज करतो. भारतातल्या फोर्ड मस्टँगच्या बाबतीत ही बेरीज चुकीच्या टोकापासून सुरू होते. या गाडीचा बाहेरचा पत्रा मिळणं सोपं आहे. महाग पडतं ते काचेच्या आतलं.

भारतात मस्टँग जुलै २०१६ मध्ये आली, ५.० लिटर व्ही८ आणि सहा गिअरची ऑटोमॅटिक. २०२० मध्ये बीएस६ लागू झालं तेव्हा विक्री थांबली. २०२१ मध्ये फोर्डनं इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं, पण सर्व्हिस आणि सुट्या भागांचा आधार चालू ठेवला. गाडी अमेरिकेत बनलेली, पण कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची. खर्चाचा सगळा खेळ इथेच आहे. बॉनेट, पुढचे फेंडर, दरवाजे, रेडिएटर, कंडेन्सर, पुढचे-मागचे आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे दांडे) हे भाग अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचेही चालतात आणि तिथल्या सॅल्व्हेज बाजारात (मोडीत निघालेल्या गाड्यांच्या) त्यांचा सुकाळ आहे. डॅशबोर्ड, शेजारच्या सीटची एअरबॅग, स्टिअरिंग रॅक आणि हेडलाइट मात्र ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियासारख्या उजव्या स्टिअरिंगच्या देशातूनच आणावे लागतात. अमेरिकेतला हेडलाइट बसतो नीट, पण त्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मागचा दिवा घेतानाही सांभाळा. अमेरिकेत लाल इंडिकेटर चालतो, आपल्याकडे पिवळाच लागतो.

आणखी एक सापळा. २०१८ च्या फेसलिफ्टमध्ये बॉनेट, हेडलाइट आणि पुढचा बंपर बदलले. भारतात विकली गेलेली गाडी त्याआधीच्या चेहऱ्याची. भाग विकणारा 'एस५५०चंच आहे' म्हणेल (एस५५० हे मस्टँगच्या या पिढीचं नाव) आणि ते खरंही असेल, कारण पिढी तीच आहे. भाग मागवताना २०१५ ते २०१७ हे साल पक्कं करून घ्या.

आता एअरबॅग. समोरून जोरात ठोकली की ड्रायव्हरची आणि शेजारची बॅग उघडते, गुडघ्यांजवळच्याही उघडतात. शेजारच्या बाजूची गुडघ्याची बॅग ग्लोव्हबॉक्सच्या झाकणातच बसवलेली आहे, म्हणजे तो आख्खा ग्लोव्हबॉक्स बदला. शेजारची मोठी बॅग डॅशबोर्ड फाडून वर येते, म्हणजे डॅशबोर्डही गेला. सीटच्या पट्ट्यांचे प्रीटेन्शनर (धक्क्याच्या क्षणी पट्टा आवळणारे) उडालेले असतात. पट्टा ओढून बघा. अडकला, बाहेरच आला नाही, तर तो निकामी आहे. स्टिअरिंगमागची क्लॉकस्प्रिंग (फिरत्या स्टिअरिंगमधल्या बॅगेला वीज पोचवणारी) आणि पुढचे धक्क्याचे सेन्सर तपासून गरजेप्रमाणे बदलायचे. एअरबॅगचा कंट्रोल मॉड्यूल अपघाताची नोंद कुलूपबंद करून ठेवतो. स्कॅनरवर बी११९३ हा कोड दिसला तर ती तीच नोंद. तो पुसून देणारे लोक गल्लोगल्ली आहेत. फोर्डच्या पद्धतीनं जायचं तर मॉड्यूल नवा घालून त्यात त्या गाडीचा डेटा भरायचा, आणि हे एकच काम असं आहे की तिथे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. २०१७ मध्ये युरो एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं युरोपातल्या मस्टँगला आधी दोनच तारे दिले होते, आणि त्याच्या कारणांत पुढच्या दोन्ही बॅगा पुरेशा फुगल्या नाहीत हे एक कारण होतं. मूळ बॅगेची ही कथा, तर नकली बॅगेकडून काय अपेक्षा ठेवणार? नकली एअरबॅगांबद्दल अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेनं २०१२ मध्येच जाहीर इशारा दिला होता. शिवाय बॅगेत स्फोटक असतं, मालवाहतुकीत ती घातक माल म्हणून मोजली जाते, त्यामुळे साध्या कुरिअरनं येत नाही. 'मित्र येताना सामानात घेऊन येईल' हा बेत डोक्यातून काढून टाका.

फसवणूक ओळखायची साधी खूण सांगतो. इग्निशन चालू केलं की एअरबॅगचा दिवा सुमारे सहा सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी तो काढलाय किंवा दुसऱ्या दिव्याला जोडलाय. लागून विझला म्हणजेही सगळं ठीक असं नव्हे. बॅगेच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावला की मॉड्यूल फसतो आणि दिवा शहाण्यासारखा विझतो. म्हणून डॅशबोर्डच्या कव्हरची शिवण आणि पोत बघा, स्टिअरिंगच्या मधल्या झाकणाची फट सगळीकडे सारखी आहे का ते नखानं चाचपा, पट्ट्याच्या तळाशी शिवलेल्या लेबलवरची तारीख गाडीच्या सालाशी जुळते का ते पाहा.

आतलं बघून झालं की चासी. मस्टँगला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, म्हणून पुढच्या दोन लेग (इंजिनाच्या दोन बाजूंनी पुढे जाणारे बॉडीचे दांडे) आणि स्ट्रटचे टॉवर (पुढचे शॉकअब्सॉर्बर जिथे वर बसतात ते) सरळ आहेत की नाहीत यावर निर्णय. विकत घेण्याआधी बेंचवर (बॉडी मोजून खेचून सरळ करायच्या यंत्रावर) चढवता येत नाही, पण मापाची टेप सोबत नेता येते. चाकं सरळ करून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ते २७२० मिमी असायला हवं. दोन बाजूंमध्ये आठ-दहा मिलिमीटरचा फरक आला तर आर्म वाकलाय, सबफ्रेम (आर्म धरणारी खालची चौकट) सरकलीय किंवा लेग मागे गेलीय. आर्म आणि सबफ्रेमचा इलाज नटबोल्टचा आहे. लेगचा खेचण्याचा. मग बॉनेट उघडून दोन्ही टॉवरच्या बोल्टपासून समोरच्या विरुद्ध कोपऱ्यापर्यंत तिरपी मापं घ्या. दोन तिरप्यांत तीन मिमीहून जास्त फरक असेल तर गाडी बेंचवर जाणार हे धरूनच भाव करा. लेगच्या बाजूच्या पत्र्यावर, विशेषतः टॉवरच्या पुढे, पाण्याच्या लाटेसारख्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर रंग कितीही शाबूत असो, धक्का तिथवर पोचलेला आहे. सीलरच्या रेषेला तडा गेलाय का तेही बघा. कारखान्याचा सीलर एकसारखा असतो, ब्रशनं लावलेला लगेच ओळखू येतो.

लोहचुंबक घेऊन पुटिंग (चेपलेला पत्रा भरायचा लेप) शोधणाऱ्यांची इथे फजिती होते. या गाडीचं बॉनेट आणि पुढचे फेंडर अॅल्युमिनियमचे आहेत, चुंबक तिथे मुळातच चिकटत नाही. जाडी मोजणारं गेज न्या आणि ते अॅल्युमिनियमवरही चालणारं आहे याची खात्री करा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. तीनशेच्या वर गेला की दुसऱ्यांदा रंगवलंय, हजाराच्या वर म्हणजे खाली पुटिंग आहे. बॉनेटच्या पुढच्या दुमडलेल्या कडेला रंगाखाली फोड आलेले दिसले तर तो अपघात नव्हे, अॅल्युमिनियमचा गंज. अमेरिकेत ही या गाडीबद्दलची जुनी तक्रार आहे. असं बॉनेट दुरुस्त करत बसू नका, बदला. आणि डेंटरला बजावून सांगा की लोखंडावर वापरलेली चकती अॅल्युमिनियमला लावायची नाही. लोखंडाची भुकटी पत्र्यात रुतली की रंगाखाली पुन्हा फोड येणार, आणि कोकणपट्टीत किंवा गोव्यात गाडी राहणार असेल तर लवकरच.

बाजूनं ठोकलेली मस्टँग मी टाळायलाच सांगेन. मागचा क्वार्टर पॅनेल दरवाजापासून डिकीपर्यंत वेल्ड केलेला आहे. तो कापून नवा लावणं म्हणजे आख्खी बाजू उघडणं. पिलरमधलं जास्त ताकदीचं स्टील तापवून सरळ केलं की त्याची ताकद जाते, आणि बाहेरून ते कोणालाच कळत नाही. समोरून मध्यम ठोकलेली, एअरबॅग न उघडलेली गाडी मिळाली तर तिच्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

'इंजिन गेलंय, स्टार्टर फिरतो पण चालू होत नाही' असं सांगून स्वस्तात देणारे भेटतात. काही वेळा इंजिनाला काहीच झालेलं नसतं. धक्का बसला की फोर्डचा इंधनपंप आपोआप बंद होतो. गाडीखाली पेट्रोलचा वास किंवा गळती नाही हे पाहून इग्निशन बंद, चालू, परत बंद, परत चालू असं केलं की पंप पुन्हा सुरू होतो. चालू करायच्या आधी ऑइल आणि कूलंट मात्र तपासा. रेडिएटर फुटल्यावरही कोणी गाडी ओढत नेली असेल तर इंजिन तापलेलं असण्याची शक्यता आहे. या व्ही८ मध्ये ५डब्ल्यू-२० ग्रेडचं साडेसात लिटरच्या आसपास ऑइल बसतं. डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसला तर मागे फिरा.

कागदपत्रं पाहिल्याशिवाय यातलं काहीच उपयोगाचं नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, आयडीव्ही देते आणि मोडकी गाडी लिलावात जाते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांवर ए, बी, एस, एन असे शिक्के बसतात: ए आणि बी रस्त्यावर परत येत नाहीत, एस म्हणजे ढाच्याला इजा, एन म्हणजे नाही. (डॅशबोर्ड शोधताना बी शिक्क्याच्या गाड्या सुटे करणाऱ्यांकडे बघा, हा त्याचा आपल्याला फायदा.) आपल्याकडे आरसीवर असा शिक्का नसतो. त्यामुळे वाहन पोर्टलवर आरसी चालू आहे की रद्द, हे पैसे देण्याआधी बघायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली नोंदणी रद्द झाली असेल तर ती गाडी सुट्या भागांपुरतीच घ्या. टोटल लॉसच्या कागदांवर चोरीची गाडी चढवण्याचे धंदे सापडलेले आहेत, म्हणून १७ अक्षरांचा चासी नंबर काचेखाली, दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि बॉडीवर तिन्हीकडे जुळवा. या गाडीचा नंबर १ नं सुरू होतो, कारण ती अमेरिकेत बनली. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, हस्तांतरणाला २९ आणि ३०, परराज्यातली असेल तर फॉर्म २८. अपघातात कोणी जखमी झालं असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि आरटीओची तपासणी झालीय का ते विचारा. कोर्टाच्या सुपूर्दनाम्यावर (खटला संपेपर्यंत फक्त सांभाळायला) सोडलेली गाडी सहसा विकता येत नाही. परराज्यातली गाडी महाराष्ट्रात आणताना आयात गाड्यांचा कर साध्या गाड्यांपेक्षा जास्त आहे, तो हिशेबात धरा.

भावाचं माझं गणित असं: तशाच न ठोकलेल्या गाडीचा बाजारभाव घ्या, खरेदी, दुरुस्ती, भागांची ड्युटी आणि वाहतूक मिळून त्याच्या ६५ टक्क्यांवर जाता कामा नये. दुरुस्तीच्या अंदाजात चौथा हिस्सा वरून धरा, कारण बंपर उघडल्यावर मागे काहीतरी निघतंच. एअरबॅग उघडल्या असतील आणि लेगही वाकली असेल, तर हे गणित जमत नाही.

कामाचा क्रम चुकला तर पैसे दुप्पट लागतात. आधी बॅटरी काढायची आणि एअरबॅगच्या वायरला हात लावण्यापूर्वी किमान एक मिनिट थांबायचं. मग सगळं उघडून प्रत्येक कनेक्टरचे फोटो. मग बेंचवर खेचणं. लेग सरळ होण्याआधी नवा रेडिएटर सपोर्ट बसवला तर त्याचे बोल्ट ओढूनताणून लागतात आणि बॉनेटची फट कधीच जुळत नाही. त्यानंतर कूलिंग आणि एसी. कंडेन्सर फुटून लाइन उघडी राहिली असेल तर ड्रायर बदलायचाच, मुंबईच्या दमट हवेत तो पाणी पिऊन बसतो; गॅस भरायच्या आधी निदान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम. बॉनेट, फेंडर, दिवे, बंपर रंगाआधी एकदा कोरडे बसवून फटी जुळवा. ट्रिपल यलोची गाडी असेल तर हा तीन थरांचा रंग एका पॅनेलपुरता जुळत नाही, शेजारच्या दरवाजावर उतरवत न्यावा लागतो. पेंटरनं त्याचे पैसे वेगळे सांगितले तर ते बरोबरच आहे. पुढची काच चिकटवताना यूरिथेन चांगलंच लावा आणि पुरतं सुकू द्या, शेजारची एअरबॅग उघडताना त्याच काचेला टेकते.

एअरबॅगा, पट्टे आणि मॉड्यूल सगळ्यात शेवटी, वेल्डिंग पूर्ण संपल्यावर. मग चारही चाकांचं अलाइनमेंट, स्टिअरिंग अँगल सेन्सरचं कॅलिब्रेशन, हेडलाइटचा झोत. चाकांचे नट टॉर्क पान्यानं २०४ न्यूटन मीटरला आवळा आणि १६० किलोमीटरच्या आत पुन्हा तपासा. विमा मधे खंडित झालेला असेल तर कंपनीचा माणूस गाडी बघितल्याशिवाय पॉलिसी देणार नाही. त्या दिवशी दुरुस्तीआधीचे फोटो, बेंचच्या मापांचा कागद आणि एअरबॅगांची बिलं फाइलमध्ये लावून तयार ठेवा.