दादूससाठी स्थळ बघताना

दादूस हे नाव आमच्या बिल्डिंगखाली मासे घेऊन बसणाऱ्या मावशींनी ठेवलेलं. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या गल्लीत हा पिवळा बोका रोज सकाळी त्यांच्या पाटीसमोर हजर. गालफडं फुगलेली, एक कान फाटलेला आणि चाल अशी की गल्ली यांच्याच नावावर. मागच्या पावसाळ्यात दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी दिसला तेव्हा मानेवर लिंबाएवढं गळू होतं.

पिंजरा लावून पकडायला दोन रात्री गेल्या. पहिल्या रात्री तळलेल्या बोंबलावर भलतीच मांजरी आत शिरली आणि खाऊन निवांत बसून राहिली. दुसऱ्या रात्री साहेब आले.

बोक्यांच्या भांडणात सुळा खोल रुततो, वरची कातडी चटकन मिटते आणि आत पू साठत राहतो. गळू त्यामुळेच झालं होतं. डॉक्टरांनी ते फोडून साफ केलं आणि थोडं रक्त घेऊन पट्टीवर टाकलं. दहा मिनिटांत ठिपका उमटला. एफआयव्ही पॉझिटिव्ह. डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाले, "मांजरांचा एड्स. रस्त्यावरचाच आहे ना? झोपवून टाकलेलं बरं." बोका तेव्हा पिंजऱ्यात माझ्या ओढणीचं टोक चाटत होता. मी पैसे दिले आणि त्याला घेऊन निघाले.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी नीट अर्धा तास दिला. हा विषाणू माणसाला होत नाही, कुत्र्यालाही नाही. मांजरातून मांजरात जातो तो मुख्यतः खोल चाव्यातून, म्हणूनच भांडकुदळ, नसबंदी न झालेल्या बोक्यांत जास्त सापडतो. एका ताटलीतून खाल्लं म्हणून सहसा लागत नाही. शरीराबाहेर तो टिकतही नाही फार, साध्या साबणाने मरतो. प्रतिकारशक्ती हळूहळू कमी करतो हे खरं, पण घरात राहणारी, नीट खाणारी कितीतरी एफआयव्हीची मांजरं म्हातारी होऊन जातात. पथ्यं तीन: घराबाहेर सोडायचं नाही, कच्चं मांस-मासे द्यायचे नाहीत आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, हिरड्यांकडे विशेष लक्ष देऊन. ही पट्टी विषाणू दाखवत नाही, त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी दाखवते, म्हणून त्यांनी साठ दिवसांनी पुन्हा तपासायला सांगितलं. (लहान पिल्लांत तर ही अँटिबॉडी आईकडूनही आलेली असू शकते. पिल्लू पॉझिटिव्ह आलं म्हणून लगेच हाय खाऊ नये.)

ते साठ दिवस दादूस आमच्या बेडरूममध्ये आणि आम्ही नवरा-बायको हॉलमध्ये. कारण आमची ठमी. ठमी म्हणजे आमची सात वर्षांची मांजर, स्वभावाने जुन्या चाळीतली घरमालकीण. दोघं शांतपणे एकत्र राहिली असती तर धोका तसा कमीच होता, पण ठमीने दाराच्या फटीतून पंजा घालून पहिल्याच दिवशी आपलं मत सांगितलं. याला आपण ठेवू शकत नाही, हे तेव्हाच ठरलं.

मधल्या काळात नसबंदी झाली, लसी झाल्या, किडलेले चार दात काढले. दुसरी टेस्टही पॉझिटिव्ह. आता स्थळ बघायचं.

पहिली जाहिरात मी शाळेच्या निबंधासारखी प्रामाणिक लिहिली. पहिल्याच ओळीत "एफआयव्ही पॉझिटिव्ह". आठवड्यात एक फोन आला, तोही ओरडायला: अशी मांजरं लोकांच्या गळ्यात कशाला मारता म्हणून. पत्रिकेत कडक मंगळ असलेल्या मुलीच्या आईला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

मग मी लबाडी केली. दुसऱ्या जाहिरातीत आजाराचं नावच काढलं, म्हटलं भेटल्यावर सांगू. एका रविवारी ठाण्याहून एक कुटुंब आलं. मुलगी नऊ-दहा वर्षांची, येताना स्वतःच्या खाऊच्या पैशातून चेंडू घेऊन आलेली. दादूस तिच्या मांडीवर चढला. आणि मग मी सांगितलं. वडिलांनी मुलीला हाताला धरून उठवलं, आईने पर्समधून सॅनिटायझर काढला. मी माणसाला होत नाही, होत नाही म्हणत राहिले, पण आधी लपवलेली गोष्ट मागाहून कितीही खरी सांगितली तरी कोण ऐकतंय? चूक माझी होती. चेंडू तेवढा इथेच राहिला.

तिसऱ्या वेळी आधी बोका लिहिला, मग आजार. मांडीवर झोपतो, प्रेशर कुकरच्या शिट्टीला घाबरतो, चार दात नाहीत. त्याला एफआयव्ही आहे, तो माणसांना होत नाही, म्हणून त्याला घरातच राहणारं आणि शक्यतो दुसरं मांजर नसलेलं घर हवं. फोन यायला लागले. एकांनी विचारलं, दूध-पोळीवर राहील ना, आमच्याकडे मासे चालत नाहीत. मांजराला मांसाहार लागतोच आणि मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, हे सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं. बरीच जणं "घरी विचारून सांगतो" म्हणाली. अजून विचारतच असतील.

मग बदलापूरहून एका काकूंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "टेस्ट एकदाच केलीत?"

"दोनदा. साठ दिवसांच्या अंतराने."

"ल्युकेमियाची?"

"निगेटिव्ह."

"वजन?"

मी जागची उठून फाईल घेऊन आले. तोंडी परीक्षाच होती. काकू सरकारी हॉस्पिटलच्या रक्तपेढीतून टेक्निशियन म्हणून निवृत्त झालेल्या. मी नुकतंच वाचलेलं शहाणपण त्यांना ऐकवलं: हा विषाणू कॅलिफोर्नियातल्या मांजरांत सापडला १९८६ साली आणि भारतात माणसांतल्या एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले तेही त्याच वर्षी, चेन्नईत. काकू जरा थांबल्या. म्हणाल्या, "आमच्याकडे तेव्हा नातेवाईक पेशंटचा डबा दारातून सरकवायचे गं." मग लगेच, "नखं कापून देतो का?"

तरी घर बघायला गेलेच मी. स्थळ कितीही चांगलं वाटलं तरी घर बघावं, विशेषतः खिडक्या. तिसरा मजला, बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी. ही जाळी मांजर दाताने कुरतडतं. दादूसचे चार दात कमी असले तरी बाकीचे शाबूत होते. काकूंनी वाद घातला नाही. आठवड्याने फोटो आला, स्टीलची जाळी, कडेला सुताराचा अंगठा दिसतोय.

कागद साधा केला: बाहेर सोडणार नाही, दुसऱ्या कुणाला परस्पर देणार नाही, जमलं नाही तर मलाच परत. पंधरा दिवसांची चाचणी. दोन्ही रिपोर्ट जोडले.

काटई-बदलापूर रस्त्याने जाताना तो सगळा वेळ ओरडला. काकूंच्या घरी पिंजरा उघडला तर थेट वॉशिंग मशीनच्या मागे. मी चहा घेतला, दुसरा घेतला, तो काही आला नाही. खाली उतरल्यावर गाडीत नवऱ्याने विचारलं, "रडतेयस का?" तर म्हटलं, खड्डे आहेत.

तीन दिवस काकूंचा एकच मेसेज: "रात्री खातो. मातीत शी केली." चौथ्या दिवशी फोटो आला. दादूस काकूंच्या पलंगावर, उशीवर, आणि काकू पायथ्याशी. खाली लिहिलेलं: "उकडलेल्या बांगड्याचं डोकं दिलं, बघितलं नाही. मधला तुकडा दिला, खाल्ला." मासेवाल्या मावशींना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बराच वेळ पाहिला. नसबंदीनंतर गालफडं उतरलीत ना त्याची. "ह्यो आपला दादूस? पार मास्तर दिसायला लागला की."

पंधरा दिवस उलटून आता पाच महिने झाले. बेडरूम आम्हाला परत मिळालीय. ठमी अजून रोज संध्याकाळी त्या दारापाशी जाऊन बसते, आणि आत कोणी नाही हे बघून पलंगाखालचा तो चेंडू पंजाने बाहेर काढते.