कादंबरीतला चंद्र कोणत्या तिथीचा?

ऐतिहासिक कादंबरी हातात आली की मागची संदर्भग्रंथांची यादी नंतर पाहावी. आधी रात्रीचा एखादा प्रसंग काढावा आणि त्यातला चंद्र तपासावा. मराठ्यांच्या इतिहासातल्या बहुतेक मोठ्या घटनांच्या तिथी आपल्याला ठाऊक आहेत, आणि तिथी कळली की आकाश कळतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो, पुढे रोज साधारण 50 मिनिटं उशीर. शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. एवढं गणित पुरतं.

आग्र्याहून सुटका झाली ती श्रावण वद्य द्वादशीला, 17 ऑगस्ट 1666 रोजी. म्हणजे संध्याकाळपासून जवळजवळ पहाटेपर्यंत काळोख, त्यातून पावसाळ्याचे दिवस. सिंहगड घेतला माघ वद्य नवमीला; त्या रात्री चंद्र वर येतो मध्यरात्र उलटल्यावर. पहिल्याच प्रहरात कड्यावर चांदणं सांडलेलं असेल, तर लेखकानं पंचांग उघडलेलं नाही. आणि हा चुका वेचण्याचा छंद समजू नका. काळोख ही त्या प्रसंगातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पहारेकऱ्याला काय दिसलं नाही, यावरच सगळं बेतलेलं असतं. लेखक चांदणं पाडतो आणि स्वतःच्या हातातलं हत्यार खाली ठेवतो.

माझ्या मते ऐतिहासिक कादंबरी तरते किंवा बुडते ती याच ठिकाणी. वाचकाला शेवट माहीत असतो, पात्रांना नसतो. त्यांचं ते माहीत नसणं शेवटपर्यंत सांभाळणं हे लेखकाचं खरं काम. कमकुवत कादंबरीत पात्रांनाही पुढचं कळतं: दिवा फडफडतो, पापणी लवते, आणि शनिवारवाड्यात कुणाच्या तरी काळजात चर्र होतं.

पानिपतावरच्या लेखनात हे फार होतं. लढाई झाली 14 जानेवारी 1761 रोजी. नानासाहेब पेशवे तेव्हा कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि भेलशाच्या, म्हणजे आजच्या विदिशाच्या, परिसरात होते. तिथे दहाएक दिवसांनी सावकारांच्या एका कासीदाजवळचं, म्हणजे निरोप्याजवळचं, पत्र त्यांच्या हाती लागलं. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा आशयाचं. मोत्यं म्हणजे नानासाहेबांचा मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव, म्हणजे भाऊसाहेब. नीट विचार केला तर दहा दिवस एक बाप, ज्याचा मुलगा मेलेला आहे, मुलाच्या मदतीला चाललेला आहे. मुक्काम पडतायत, रसदेचे हिशेब होतायत, उत्तरेकडची पत्रं का येत नाहीत म्हणून चिडचिड होते आहे. कादंबरी खरी या दहा दिवसांत आहे. बहुतेक लेखक मात्र एका परिच्छेदात धुळीनं माखलेला स्वार आणून उभा करतात.

अंतरांचा हिशेब इथे कामाला येतो. पानिपत ते विदिशा ही मजल सातशे-आठशे किलोमीटरांची. एकाच घोड्यावर रोज चाळीस-पन्नास किलोमीटर चालणंही मोठं. त्याहून वेगानं बातमी न्यायची तर टप्प्याटप्प्यावर माणूस नाहीतर घोडा बदलावा लागतो. तोफा, बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांच्यासह चालणारं सैन्य तर आणखी सावकाश: भाऊसाहेबांची फौज मार्चच्या मध्यात मराठवाड्यातल्या पटदुरहून निघाली आणि दिल्लीला पोहोचली ऑगस्टच्या सुरुवातीला. कादंबरीत हे साडेचार महिने दोन पानांत उरकले असतील, तर पुढची पानिपतावरची उपासमार वाचकाला पटत नाही, कारण तिची मुळं त्या रेंगाळलेल्या वाटचालीत आहेत.

भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांचं न कळणं तर याहून लांबलेलं. भाऊसाहेबांचा देह नक्की ओळखला गेला की नाही याची शंका उरली, तिच्यावरच ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला, आणि त्याचा निकाल लागला तो 1776 साली. पार्वतीबाई वारल्या 1783 मध्ये. तोवर त्यांनी वैधव्य स्वीकारलं नाही. त्यांना वेडी किंवा देवी केलं की पात्र मरतं. रोज सकाळी कुंकू लावताना हात कसा हलत असेल, एवढंच लिहिता आलं तरी खूप.

तारखांचा घोळ मी एरवी माफ करते, एक सोडून. राज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख ज्युलियन, म्हणजे इंग्रज तेव्हा वापरत त्या जुन्या गणनेची आहे; गोव्यातले पोर्तुगीज त्याच दिवशी 16 जून लिहीत, कारण पोर्तुगालनं नवी गणना 1582 मध्ये घेतली आणि इंग्लंडनं 1752 मध्ये. दोन्ही दप्तरांतली पत्रं न जुळवता वापरली की प्रश्नाआधी उत्तर येतं, आणि कोणाला केव्हा काय कळलं याचा धागाच तुटतो.

भाषेचंही थोडं. सतराव्या शतकातल्या पत्रात लिहिणाऱ्याचं नाव वर, मायन्यात येतं. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ किंवा ‘जाणिजे’, आणि शिक्का. खाली झोकदार सही करणारा सरदार दिसला की पुढचा संवाद सावधपणे वाचावा. तसंच ‘दिनांक’ म्हणणारा कारकून. हा शब्द विसाव्या शतकातल्या भाषाशुद्धीतून रुळला; त्या काळचं दप्तर फारसी शब्दांनी भरलेलं होतं. पेशवाईच्या वाड्यात चहा उकळत असेल तर पुस्तक मिटलं तरी चालेल.

आजच्या काळावरच्या कादंबऱ्यांना लोक ही कसोटी लावत नाहीत, आणि मला ते चूक वाटतं. फोननं न कळणं संपवलं, म्हणून अलीकडचे पुष्कळ लेखक फोनच हरवतात, चार्जिंग संपवतात, नाहीतर नायिकेला रेंज नसलेल्या गावात पाठवतात. एकदा चालतं. पण न कळण्याचे नवे प्रकार आहेत, आणि त्यांनाही साल असतं. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा नोव्हेंबर 2014 मध्ये आल्या. त्याआधी दोन खुणांवरून निरोप पोहोचला एवढंच कळायचं. वाचला की नाही, ते नाही. 2013 सालातल्या प्रेमकथेत ‘निळं झालं तरी उत्तर नाही’ असं वाक्य येतं तेव्हा लेखकानं चंद्राचीच चूक केलेली असते. त्या वर्षीची मुलगी ‘लास्ट सीन’ची वेळ पाहत बसली असती, रात्रीचे 1 वाजून 12 मिनिटं, आणि एवढ्या उशिरापर्यंत तो कोणाशी बोलत होता याचा विचार करत जागी राहिली असती.