जाळं गाठीनं पडतं

मी मालवणात राहते आणि स्केल मॉडेलं बनवते. घर चालतं ते होड्यांवर. होमस्टेवाल्यांना काचेच्या पेटीतल्या होड्या लागतात, आणि डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन इथे मालवणात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला तेव्हापासून युद्धनौकांच्याही ऑर्डरी येतात. पण जीव रमतो तो १/३५ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढ्या, लष्करी मॉडेलांत. रणगाडे, तोफा, ट्रक, त्यांच्या भोवतीची माती, झाडं, माणसं. आज जे सांगतेय ते अशाच एका तोफेचं आहे, किंवा खरं तर तोफेवरच्या जाळीचं.

जूनमध्ये मुंबईहून एका मुलाचा फोन आला. ताई, आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे जुलैत, गावच्या घरी, मालवणजवळच्या कट्टा गावापाशी. आजोबा तोफखान्यात होते, १९७१ ला पश्चिम सीमेवर २५ पाउंडरवर होते, तर तीच तोफ हवीय आणि ती जाळीखाली लपवलेली हवीय, कारण आजोबा लढाईची गोष्ट सांगायला बसले की तोफेपेक्षा जाळीचंच जास्त सांगतात. मी लगेच हो म्हटलं. २५ पाउंडर म्हणजे ८७.६ मिलिमीटर व्यासाची ब्रिटिश बनावटीची फील्ड गन, दुसऱ्या महायुद्धातली, आपल्या सैन्यात १९६५ आणि १९७१ दोन्ही युद्धांत वापरली गेली. टामिया ह्या जपानी कंपनीचं किट माझ्याकडे पडूनच होतं. खरी तोफ साधारण ४.६ मीटर लांब, म्हणजे १/३५ मध्ये १३ सेंटिमीटर, नळीचं भोक अडीच मिलिमीटर. तोफ पंधरा दिवसांत झाली, तिच्याखालचा तो गोल फिरता प्लॅटफॉर्म पण मस्त झाला. जमीन करताना मात्र आपली लाल माती वापरायची नाही हे स्वतःला सारखं बजावावं लागलं. तिकडची माती फिकी, भुरकट, आणि इथे अंगणातून मूठभर उचलली की जांभा.

राहिली जाळी. जाळीची सगळ्यांची पद्धत एकच असते, मेडिकलमधून गॉज बँडेज आणायचं, फेविकॉल पाण्यात पातळ करायचा, बँडेज त्यात बुडवून मॉडेलवर अंथरायचं, चिमट्याने घड्या पाडायच्या, वाळलं की रंग. मीही आधी दोन रणगाड्यांवर असंच केलं होतं आणि लोकांना आवडलंही होतं. कार्यक्रम रविवारी होता, शुक्रवारी रात्री साडेअकराला जाळी अंथरली आणि झोपले.

शनिवारी सकाळी सहाला लाईट लावून बघितलं तर पोटात गोळाच आला. रात्रभर पाऊस कोसळत होता, हवेत एवढा ओलावा की फेविकॉल वाळलाच नव्हता. बँडेज सगळं खाली बसलेलं, ढाल, चाकं, नळी सगळ्याला चिकटलेलं. शिवाय प्रत्येक भोकात गोंदाचा पांढरा पापुद्रा धरलेला. एरवी मी त्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकते, त्याने पापुद्रा धरत नाही, आणि नेमका त्याच रात्री तो राहिला होता. आणि दुसऱ्या दिवशी दहाला ते मॉडेल कट्ट्याला पोचायला हवं होतं.

शेजारी गाबीत काका राहतात, जन्म समुद्रावर गेलेला. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ते पडवीत बसून जाळी दुरुस्त करतात. मी त्यांच्याकडे गेले ते अगदी बारीक आसाचा एखादा जुना तुकडा मिळतो का बघायला. आस म्हणजे जाळ्याचा एक चौकोन, एक घर. काकांनी विचारलं कशाला हवा, मी सांगितलं, तर हातातली सुई खाली ठेवून माझ्याबरोबर बघायलाच आले. टेबलापाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले,

"ह्यां काय गो? तोफेक ओल्या लुगड्यान गुंडाळलंस?"

मी म्हटलं काका, ती जाळी आहे.

"ह्यां जाळां नाय, ह्यो फडको. फडको अंगार पडता. जाळां गाठीन पडता. गाठीक वजन आसता, ती खाली येता, दोन गाठींमधली दोरी तिका धरून ठेवता. तुझ्या ह्या फडक्याक गाठ खंय आसा?"

हे ऐकून मी खुर्चीत बसलेच. कारण काका जे बोलले ते मी वाचलेलं होतं, मला माहीत होतं, फक्त हाताने मी कधी तसं केलंच नव्हतं. विमानातून बघणाऱ्याला तोफ रंगावरून कळत नाही, सावलीवरून कळते. सरळ कड, गोल चाक, नळीची लांब रेघ. जाळी तोफेला चिकटून बसली तर तोफेचा आकार आहे तसाच राहतो, नुसता कपडा घातल्यासारखा. म्हणून खरी जाळी काठ्यांवर तोफेपासून वर, लांब उचलून धरतात, चारी बाजूंनी अलगद उतरत जमिनीपर्यंत नेतात. तिच्यातल्या गोणपाटाच्या पट्ट्या मधोमध दाट आणि कडेला विरळ विरळ करत नेतात, म्हणजे जाळीच्या स्वतःच्या सावलीलाही कडक कड येत नाही. फ्रेंचांनी १९१५ साली कॅमोफ्लाजसाठी, म्हणजे शत्रूच्या नजरेपासून लपवण्यासाठी, जगातलं पहिलं वेगळं पथक उभं केलं तेव्हा त्याचा प्रमुख चित्रकार होता, गिराँ द सेव्होला, आणि त्याच्या हाताखालीही चित्रकार आणि रंगमंचाचे पडदे रंगवणारे लोक होते, ते उगीच नाही. सगळा खेळ सावलीचा आहे.

मी काकांना म्हटलं खरं जाळं विणायचं म्हटलं तर शक्य नाही. हिशोब करून दाखवला. खरी जाळी १० मीटर बाय १० मीटर धरा, आस ५ सेंटिमीटरचा, म्हणजे एका बाजूला २०० घरं, सगळी मिळून ४०,००० गाठी, आणि माझ्या मापात एक घर दीड मिलिमीटरचंही नाही. काका म्हणाले गाठी नको मारूस, आधी दोरी बघ.

"दोरी बरोबर तर जाळां बरोबर. धा हात जाळां सा हात दोरयेर चढवतत, म्हणान आस उघाडता. तानून बांधलंस तर आस मिटता आणि जाळां मरता."

हे मला खरंच माहीत नव्हतं. एवढी वर्षं जाळी बघत आले पण दोरीपेक्षा जाळं मुद्दाम जास्त घेतात, ते झोळ देऊन दोरीवर चढवतात, आणि त्या झोळामुळेच घरं उघडी राहतात, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि लष्करी जाळीलाही कडेने दोरी असतेच की. माझ्या बँडेजला कड नव्हती, दोरी नव्हती, म्हणून ते धरायला कोणीच नव्हतं आणि ते सरळ तोफेवर जाऊन पडलं होतं.

मग सगळं ओलं बँडेज सोडवलं. ढालीचा रंग दोन ठिकाणी निघाला, तो नंतर ब्रशने भरला, त्यात फार वेळ गेला नाही.

नवीन बँडेज पाटावर टाचण्यांनी सपाट ताणलं, धागे सरकून घरं वाकडी होतात ती सुईने सरळ केली. अगदी पातळ फेविकॉल, ह्या वेळी साबणाचा थेंब आठवणीने, ब्रशने लावला आणि स्ट्रॉने फुंकून फुंकून प्रत्येक घर मोकळं केलं. आता हे वाळवायचं कसं? हेअर ड्रायर घेतला तर दहा मिनिटांत लाईट गेली आणि संध्याकाळपर्यंत आलीच नाही. काकी म्हणाल्या आण हय, आणि पाट उचलून सरळ चुलीवरच्या फळीवर ठेवला, पावसात जिथे त्या सगळं वाळवतात तिथे. मला धुराची भीती होती. दीड तासाने काढलं तर कडकडीत वाळलेलं, आणि त्याला हलका पिवळट धुरकट रंग चढलेला, जो मी तीन रंग मिसळूनही कधी काढू शकले नसते. ताग उन्हात राहिला की असाच दिसतो.

पट्ट्यांसाठी टिश्यू पेपर, आधीच हिरवा, खाकी आणि मातकट रंगवून ठेवलेला. खरी पट्टी ५ सेंटिमीटर रुंद धरली तर आपली दीड मिलिमीटर. ती चिमट्याने एका घरातून खाली, पुढच्यातून वर, परत खाली अशी ओवायची. आयत्या वेळी सुकवलेला पाला चिकटवूनही चालतं, पुष्कळ लोक तसं करतात, पण मला ते लांबूनसुद्धा मसाल्यासारखंच दिसतं. ओवलेली पट्टी मधे थोडी फुगते, टोकाला लोंबते, आणि तीच गंमत आहे. काकी आणि मी खिडकीपाशी उजेडाला बसून ओवत होतो. काकींचं बोट माझ्यापेक्षा जलद चालत होतं. मधे मी त्यांना सांगितलं की इंग्लंडमध्ये ब्रिडपोर्ट म्हणून मासेमारीच्या जाळ्यांचं जुनं गाव आहे, दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करासाठी कॅमोफ्लाजच्या जाळ्या बनवल्या, आणि अमेरिकन सैन्यात तर एका बारीक जाळीला नावच श्रिंप नेट होतं, कोळंबीचं जाळं. काका पडवीतून ओरडले, मगे! तेंका जाळी कोण करून देतलो, शिंपी?

मी शिंप्याचीच मुलगी आहे, आणि त्या दिवशी बाबांची एक सवय कामाला आली. कडेच्या दोरीसाठी सुती दोरा घेतला आणि तो मेणावरून दोनदा ओढला, म्हणजे त्याची लव बसते आणि तो स्केलमध्ये दोरखंडासारखा दिसतो. मग काकांनी सांगितलं तसं, दहाला सहा नाही पण दहाला आठ असा झोळ देत जाळीची कड त्या दोऱ्यावर चढवली. काठ्या माडाच्या हिरांच्या. हीर टोकाकडे दीड मिलिमीटरच्या आसपास असतो, स्केलमध्ये बरोबर बांबूएवढा. प्रत्येक काठीच्या डोक्यावर दोऱ्याचा छोटा गोळा, जाळी फाटू नये आणि वर टोक दिसू नये म्हणून.

काठ्या आधी उभ्या केल्या, चारी कोपऱ्यांच्या खुंट्यांना ताणे बांधले, आणि मग जाळी चढवली. कुठेही गोंद नाही. सगळं बांधलेलं. वरून पाण्याचा एक बारीक फवारा, आणि काकांनी त्यांच्या डब्यातला गळाला लावायच्या शिशाचा सगळ्यात बारीक मणी दिला तसे आठ मणी कडेला टांगून रात्रभर ठेवले. रात्री अकराला टॉर्च लावून मी पाटाच्या पातळीला डोळा नेला. जाळी दोन काठ्यांच्या मधे झोळ घेऊन खाली येत होती, परत वर जात होती, आत काळोख होता, आणि त्या काळोखात तोफ आहे हे कळत होतं पण नेमकी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मॅट वार्निश मारलंच नाही. पावसाळी हवेत ते पांढरं धरतं आणि एवढं झाल्यावर मला ती जोखीम घ्यायची नव्हती.

रविवारी रिक्षात खोका मांडीवर घेऊन गेले, चालक बिचारा प्रत्येक खड्ड्याआधी मला सांगत होता. आजोबांचं औक्षण झालेलं, खळ्यात मांडव, ताडपत्रीवर पाऊस वाजतोय. खोका उघडल्यावर सगळे वरून बघायला वाकले. आजोबा वाकले नाहीत. त्यांनी नातवाला सांगितलं, टेबलार ठेव, आणि खुर्ची ओढून हनुवटी टेबलाला टेकवून जाळीच्या आत बघितलं, मी रात्री बघितलं होतं तसंच. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग नाक जवळ नेलं.

"धुराचो वास येता."

मी घाबरून सांगायला लागले की चुलीवर वाळवली, लाईट नव्हती. ते म्हणाले, "बरोबर आसा बाय. तेका असोच वास येय." मग पट्ट्यांमधे खोचलेल्या हिरव्या पानांकडे बोट केलं, मी कागदाची कापलेली चारपाच पानं घातली होती. "ही ताजी आसत. सकाळी खोचलेलो पालो सांजेक सुकता, आणि वरसून विमानवाल्याक पयलो तोच दिसता. आमी दिसाक दोनदा बदलू. मी आणि माझो जोडीदार." जोडीदाराचं नाव त्यांनी घेतलं, आणि मांडवातली बाकीची बोलणी थांबली. नातवाने मला नंतर सांगितलं की ते नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं.

मग त्यांनी विचारलं, "ह्यां जाळां सुटता?"

मी म्हटलं म्हणजे?

"फायर करताना फुडचां जाळां मागे घेवचां लागता. नायतर तोंडाच्या फ्लॅशान पेटता."

आदल्या सकाळी गोंदाने चिकटवलेली ती पहिली जाळी वाळली असती तर मला नाही म्हणावं लागलं असतं. मी पिशवीतून चिमटा काढून त्यांच्या हातात दिला. हात थरथरत होता, नातू मदतीला पुढे झाला, त्यांनी त्याला कोपराने बाजूला केलं. पुढच्या दोन खुंट्यांवरचे ताणे त्यांनी एकेक करून सोडवले, त्याला चांगली पाच मिनिटं लागली, कोणी काही बोललं नाही. जाळीची पुढची कड दोन बोटांत धरून मागे दुमडली, काठीवर टाकली, आणि नळीचं तोंड उघड्यावर आलं.

"आता तयार," ते म्हणाले.

जेवणं झाल्यावर निघताना मी जाळी परत बांधून द्यायला गेले तर म्हणाले, राहू दे, रातीक मी बांधतंय. मी चिमटा आणि मेण लावलेल्या दोऱ्याची रीळ त्यांच्या शोकेसमधे, तोफेच्या बाजूलाच, ठेवून आले.