हिरवा उतार, पोचट तुरे: चाऱ्याचे बी गोळा करायला जाणाऱ्यांसाठी

तीन दिवसांच्या या फेरीतले पहिले दोन दिवस ओढ्याच्या काठाने सुखात गेले, बीही बरे मिळाले, आणि त्याहून अधिक त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. हा वृत्तांत तिसऱ्या दिवशीच्या पश्चिम उताराचा आहे, कारण तिथे माझी फसगत झाली. चढउताराची सवय, पुरेसे पाणी आणि पात्यांच्या धारेपासून वाचवणारे लांब बाह्यांचे कपडे तुमच्याकडे आहेत असे मी गृहीत धरतो.

निघण्यापूर्वी मला दोन गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. उतारावरचे गिनी गवत भरघोस निसवले आहे, ही एक. आणि या गवताचे बी परागावाचून तयार होते, त्यामुळे मागच्या महिन्यातल्या उन्हाच्या लाटेची चिंता नको, ही दुसरी. पहिली खरी निघाली. गवत डोक्याच्या वर गेले होते, तुरे हातभर लांब होते आणि उशिरा आलेल्या पावसाने पाती तजेलदार दिसत होती. चार तास मी तुरे झटकून पिशवी भरत राहिलो, आणि सावलीत बसून मूठभर माल तळहातावर चोळला तेव्हा एका फुंकरीत जवळजवळ सगळा उडून गेला.

या गवताचे कणिशक, म्हणजे तुऱ्यावरचा फुलांचा सर्वांत लहान झुबका, सुमारे ३ मिलिमीटरचे असते. त्यात दोन पुष्पके, म्हणजे चिमुकली फुले, असतात आणि दाणा धरतो तो वरच्या, आडव्या सुरकुत्यांचे कडक टरफल असलेल्या पुष्पकात. भरलेले पुष्पक नखाखाली टणक लागते. माझ्या हातातली कागदासारखी चपटी होत होती. दाणे झडून गेले असतील अशी शंका प्रथम आली, पण गिनी गवतात पिकलेले कणिशक अख्खे गळते, टरफल मागे ठेवून दाणा निसटत नाही. म्हणजे ती मुळात भरलीच नव्हती.

तुरा पोटरीत, म्हणजे बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात दडलेला, असतो तेव्हाच त्याच्या परागकोशांत परागकण घडत असतात, आणि उष्णता व पाण्याचा ताण यांच्यापुढे गवत सर्वांत हळवे असते ते याच सुमारास. कणांना अन्न पुरवणारा परागकोशाचा आतला थर बिघडतो, साखरेचा पुरवठा आटतो आणि कणांत पिष्ट साठत नाही. स्त्रीकेसर त्या मानाने तग धरतो. त्यातच जमीन कोरडी असली की पर्णरंध्रे मिटतात, बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा थांबतो आणि झाड भोवतालच्या हवेपेक्षाही तापते, म्हणून केवळ हवेच्या तापमानाच्या आकड्यावर विसंबू नका. पुढे पाऊस आला की पाती हिरवी होतात, तुराही बाहेर पडतो, पण वांझ झालेला पराग काही सुधारत नाही.

‘परागावाचून बी’ ही तर निव्वळ अर्धी माहिती आहे, आणि ती देणाऱ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. गिनी, अंजन आणि ब्रॅकियारिया या चाऱ्याच्या गवतांच्या बऱ्याच जातींत भ्रूण पित्यावाचून तयार होतो हे खरे. परंतु भ्रूणपोष, म्हणजे दाण्यातला अन्नसाठा, वाढायला परागातले नर केंद्रक लागतेच, आणि भ्रूणपोषच नसेल तर दाणा भरणार कशाने? पुरावा त्याच ठोंबात होता: पावसानंतर पोटरीत आलेल्या दोन उशिराच्या फुटव्यांच्या तुऱ्यांत शेंड्याकडचे दाणे नखाला स्पष्ट टणक लागत होते.

तेव्हा तुरे किती दिसतात हे विचारू नका. गवत पोटरीत असताना पाऊसपाणी आणि ऊन कसे होते ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर वेगवेगळ्या ठोंबांतली १०० कणिशके नखाने दाबून पाहिल्याशिवाय पिशवी उघडू नका. फुलोरा चालू असताना जाणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा आणि सोबत आयोडीनचे द्रावण व खिशातला सूक्ष्मदर्शक ठेवा. पिष्टाने भरलेला परागकण काळानिळा होतो, पोकळ कण फिकट पिवळाच राहतो. रंग चढलेला प्रत्येक कण जिवंत असतोच असे नाही. न चढलेला मात्र कामातून गेला असे समजा. साधे भिंग यासाठी निरुपयोगी आहे, मी ते विनाकारण वाहिले.

वरच्या खडकाळ पट्ट्यातल्या द्विदल चाऱ्याला हाच न्याय लावू नका. सिराट्रो या वेलाने पानांची कड सूर्याकडे करून ऊन चुकवले होते, आणि अशा वेलाला सौम्य ताण बसला तर तो पाने वाढवण्याऐवजी फुलांकडे वळतो. ताण तीव्र झाला की मात्र कळ्या गळतात. तिथल्याच स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी मिळाले, पण कोरड्या हवेत पिकलेल्या बियांत कठीण कवचाच्या बिया पुष्कळ असतात, त्यामुळे वाळूच्या कागदावर घासल्याशिवाय त्या एकदम उगवतील अशी आशा धरू नका.

गिनीची पिशवी मी उतारावरच रिकामी केली. उशिराच्या १७ फुटव्यांना लाल दोरा बांधून ठेवला आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा जाणार आहे, ते फक्त त्यांच्यासाठी.