नऊ चौरस मीटरची तयारी

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे गुजरातच्या औद्योगिक वसाहतीत, आमचा डोसिंग पंपांचा छोटा कारखाना आहे. बाबांनी कलाभवनातून, म्हणजे बडोद्याच्या तंत्रशिक्षणाच्या कॉलेजातून, शिकून बाहेर पडल्यावर सुरू केला, आता मी बघते. डोसिंग पंप म्हणजे रसायन ठरलेल्या मापाने लाइनमध्ये सोडणारा पंप; तासाला दोन-चार लिटर, नाहीतर काही शे लिटर. आमचे ग्राहक बहुतेक ओळखीतून आलेले, नंदेसरी, अंकलेश्वर, वापीकडचे. गुजरातबाहेर आम्हाला विचारतंय कोण! म्हणून मुंबईत गोरेगावला भरणाऱ्या एका प्रदर्शनात स्टॉल घ्यायचं मी मनावर घेतलं.

बाबांनी आधी भाडं विचारलं. मी आधी गावं लिहून काढली होती. अंकलेश्वर-वापीवाल्यांना आमचा कारखाना जवळ, त्यांना मुंबईत बोलावून काय करायचं? तारापूर, पाताळगंगा, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ, ही खरी यादी. या वसाहतींतून कधीतरी ज्यांची चौकशी आली आणि पुढे थंडावली, अशांचे जुने मेल शोधले आणि मेंटेनन्स व खरेदीच्या माणसांना फोन लावले. बडोद्याहून फोन आणि समोरून मराठी, याचं त्यांना जरा नवल वाटायचं आणि बोलणं सोपं व्हायचं. "तुमच्याकडे कोणतं द्रव आहे, नमुना पंप त्याप्रमाणे आणते," असं विचारलं की माणूस प्रदर्शनाची तारीख लिहून घेतो. नुसतं "आमच्या स्टॉलला भेट द्या" म्हटलं की अंगठा पाठवून मोकळा. माझं स्पष्ट मत आहे की स्टॉलवर कोण यायला हवं हे ठरलं नसेल तर पुढचा सगळा खर्च हौसेचा.

जागा निवडताना तीच यादी कामी आली. साधा तयार स्टॉल तीन बाय तीन मीटरचा, म्हणजे नऊ चौरस मीटर. दोन बाजू उघड्या हव्या असतील तर कोपऱ्याचा जादा दर, आणि सगळ्यावर 18 टक्के जीएसटी, ज्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो. दाराजवळची जागा मी नको म्हटली; आत शिरलेला माणूस तिथे थांबत नाही, पिशवी घेऊन पुढे जातो. नकाशात रसायनांच्या टाक्या बनवणारे कुठे आहेत ते पाहिलं आणि त्यांच्या समोरची जागा मागितली. टाकी घेणाऱ्याला आज ना उद्या डोसिंग पंप लागतोच. लहान उद्योगांची सरकारी "उद्यम" नोंदणी असेल तर एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) मंत्रालयाच्या योजनेतून भाड्याचा काही भाग परत मिळू शकतो, पण त्याच्या अटी स्टॉल बुक करण्याआधी वाचाव्यात.

सगळ्यात जास्त वेळ नमुन्यावर गेला आणि मला तो गेलेला चालला. टेबलावर मांडून ठेवलेला पंप म्हणजे रंगवलेलं लोखंड; बघणाऱ्याला काही कळत नाही. चालता पंप दाखवायचा तर हॉलमध्ये ना नळ ना मोरी. मग आमच्या फिटरकाकांनी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं हेड, म्हणजे ज्यातून द्रव जातं तो पंपाचा भाग, बनवलं, खाली अ‍ॅक्रिलिकचीच छोटी टाकी, आणि तेच पाणी फिरून परत टाकीत. स्ट्रोक बसला की आतली झडपेची बॉल उचलली जाते आणि पडते, हे समोर दिसतं. पाण्यात थोडा निळा रंग घातल्यावर तर लांबूनही दिसायला लागलं. काकांनी तो संच कारखान्यात दिवसभर चालू ठेवून कुठे थेंब गळतोय ते बघितलं. प्रदर्शनात गळणाऱ्या पंपापेक्षा बंद पंप बरा, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य.

या संचावरून विजेचा फॉर्म भरला. तयार स्टॉलमध्ये दिवे आणि एखादा साधा सॉकेट मिळतो. मोटर चालवायची तर किती किलोवॉट, सिंगल फेज की थ्री फेज, हे आधीच कळवावं लागतं आणि उशिरा मागितलं तर जादा पैसे. आम्ही मुद्दाम सिंगल फेजची मोटर बसवली, भानगडच नको. सॉकेट कुठे हवा ते नकाशावर खूण करून दिलं होतं, तरी तिथल्या कंत्राटदाराने तो बरोब्बर समोरच्या कोपऱ्यात लावला. लांब वायर सोबत नेली होती, निभावलं.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण टेम्पो राज्याच्या सीमेवर, भिलाडच्या पुढे अडकवायचा नसेल तर करावंच लागतं. माल विकायला जात नाही, म्हणून बिल नाही; डिलिव्हरी चलन करायचं, तीन प्रतींत. त्यावर "प्रदर्शनासाठी, विक्रीसाठी नाही" असं लिहिलं, प्रत्येक पंपाचा क्रमांक आणि किंमत टाकली. राज्याबाहेर 50,000 रुपयांवरचा माल म्हटला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, आलं. त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. परतीच्या प्रवासाचं चलन आणि ई-वे बिल पुन्हा वेगळं, ते कोण बनवणार हे इथूनच ठरवून ठेवलं. स्टॉलवर रोखीने विकायचा विचार असेल तर मात्र दुसऱ्या राज्यातल्या जीएसटीचं प्रकरण सुरू होतं. सीएला विचारल्याशिवाय त्यात पडू नये. आम्ही ऑर्डर घेणार होतो, माल बडोद्याहूनच जाणार होता.

राहण्याची सोय गोरेगावातच केली, थोडी महाग पडली. बोरिवलीला उतरलं की पुढे लोकल.

छापील माहितीपत्रकं मी मोजकीच नेली. त्याऐवजी एक पानी फॉर्म केला: द्रव कोणतं, किती तीव्रतेचं, तासाला किती लिटर, दाब किती. पहिला प्रश्न द्रवाचाच, कारण हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) म्हटलं की स्टेनलेस स्टीलचं हेड बाद आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) किंवा तत्सम प्लॅस्टिक आलं; तिथूनच किंमत बदलते. फॉर्मला व्हिजिटिंग कार्ड स्टेपल केलं की काम झालं. कोटेशनचे मसुदे इथूनच तयार करून नेले होते, त्यामुळे त्या दिवशीची कोटेशनं रात्री खोलीवरून जात होती. फोन केलेल्यांपैकी सगळे आले नाहीत, पण जे आले ते आपल्या पाण्याचे रिपोर्ट घेऊन आले. बाबा दुसऱ्या दिवशी पोहोचले आणि संध्याकाळपर्यंत लोट्याच्या एका मेंटेनन्सवाल्याशी डायफ्रॅम, म्हणजे पंपातला लवचीक पडदा, किती दिवस टिकतो यावर असे रंगले की चहा गार झाला.

शेवटच्या दिवशी आयोजकांचा माणूस पुढच्या प्रदर्शनाचा नकाशा घेऊन फिरतो. आत्ताच बुक केलं तर सवलत. मी नकाशा घेतला, पैसे दिले नाहीत. आमच्या धंद्यात चौकशीची ऑर्डर व्हायला पाच-सहा महिने सहज जातात. किती झाल्या ते दिसू दे, मग बोलू.